ठासणीची बंदूक : गोळी जाते कुठवर आणि झाडावी कुठवर

१/
ठासणीच्या बंदुकीविषयी इतिहासप्रेमी तरुणांमध्ये दोन दंतकथा सुखाने शेजारी नांदतात. पहिलीनुसार जुन्या काळचे नेमबाज तीनशे-चारशे पावलांवरून धावते हरीण लोळवीत. दुसरीनुसार ही बंदूक म्हणजे धूर, आवाज आणि नशीब; तिने कुणी काही मारले असेल तर तो योगायोग. दोन्ही कथा एकाच गैरसमजाच्या लेकी आहेत. गोळी जिथवर पोहोचते ते अंतर आणि शिकाऱ्याने जिथून झाडावी ते अंतर, ही दोन अंतरे एकच आहेत असे दोन्हींत गृहीत धरलेले असते. या सूत्राचा सारा वाद त्या गृहीताशी आहे.

२/
आधी एक खुलासा. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा शौक संपला, आणि ते योग्यच झाले. पुढचे विवेचन इतिहासाचे आहे. जिथे ठासणीच्या बंदुकीची शिकार आजही कायद्याने चालते त्या अमेरिकेचा उल्लेख शेवटाकडे येईल. गतकाळातील शिकारीची नैतिकता तपासणे म्हणजे शिकारीचे समर्थन, असा सूर काही जण लावतात. त्या न्यायाने युद्धाचा इतिहासही कुणी लिहू नये.

३/
शब्द स्पष्ट असावेत. ठासणीच्या बंदुकीत दारू नळीच्या तोंडातून ओतायची, तिच्यावर गोळी ठेवायची आणि गजाने ठासायची. पेटवण्याच्या रीतीवरून तिचे प्रकार पडतात : जळत्या दोरीची ती तोड्याची, चकमकीच्या दगडाची ती गारेची, तांब्याच्या टोपीची ती टोपीची. फौजेतला शिपाई कागदी पुडीतल्या दारूगोळ्याने मिनिटाला दोन-तीन बार काढी, कारण त्याची गोळी नळीपेक्षा मुद्दाम लहान केलेली असे आणि सैल उतरे. शिकाऱ्याच्या आटे पाडलेल्या नळीत कापडाच्या तुकड्यात गुंडाळलेली गोळी घट्ट बसवावी लागे. त्याला सरावलेल्या हातालाही अर्धे मिनिट सहज लागते. पहिला बार काढल्यावर समोर धुराचा पडदा उभा राहतो आणि पडद्यामागचे जनावर जखमी असेल, तर त्या अर्ध्या मिनिटात ते झाडीत शिरलेले असते. दुनळी बंदुकीत आणखी एक संधी मिळे, एवढेच. अंतराचा सगळा विचार या अर्ध्या मिनिटापासून सुरू होतो.

४/
आता गोळी. शिशाचा गोल गोळा हवेतून जाण्यास फार वाईट आकाराचा आहे. अर्धा इंच व्यासाची गोळी साधारण साडेअकरा ग्रॅम भरते. चांगल्या दारूने ती नळीतून सेकंदाला १९०० फुटांच्या आसपास वेगाने सुटते. १०० यार्डांवर (यार्ड म्हणजे ढोबळ मानाने एक लांब ढांग) तिचा वेग ११५० फुटांच्या जवळ येतो. जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे घटतो, म्हणून तिथे तिच्यापाशी मूळ जोराचा दोन-पंचमांशही उरत नाही. २०० यार्डांवर एक-पंचमांशाच्या आसपास उरतो. गोळी अजून उडते आहे, माणसाला लागली तर घातकही ठरेल. मात्र सांबराचे खांद्याचे हाड फोडून काळजापर्यंत जाण्याचे बळ तिच्यात आहे का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर बहुधा ‘नाही’ असे आहे.

५/
वाऱ्याचा हिशेब याहून निष्ठुर आहे. ताशी सोळा किलोमीटरचा आडवा वारा, म्हणजे झाडाची पाने आणि डहाळ्या सळसळत ठेवणारी झुळूक, याच गोळीला ५० यार्डांवर दोन इंचांहूनही कमी सरकवतो. १०० यार्डांवर तोच वारा तिला आठ इंचांच्या आसपास ढकलतो. अंतर दुप्पट झाले आणि चूक चौपट झाली. शिवाय ५० यार्डांवर बिनचूक बसवलेली माशी १०० यार्डांवर गोळीला चारेक इंच खाली पाडते. शिकाऱ्याचा हात स्थिर आहे, श्वास आवरलेला आहे, नेम अचूक आहे, असे सारे धरून चालले तरीही ही चूक उरतेच.

६/
आणि ती चूक सामावून घ्यायला जागा किती? चितळासारख्या जनावराच्या छातीत काळीज आणि फुप्फुसे मिळून जेमतेम वीतभर जागा असते. गोळी त्या वितीच्या आत लागली तर जनावर काही ढांगांत कोसळते. वितीच्या मागे लागली तर पोट फुटते. जनावर मैलभर जाते आणि तासन्‌तास, कधी दिवसभर, मरत राहते. खाली लागली तर पाय मोडतो. ‘वर्मी लागणे’ हा मराठी शब्दप्रयोग आज केवळ बोलण्याच्या जखमेसाठी उरला आहे. त्याचा मूळ अर्थ या वितीचा आहे.

७/
तेव्हा न्याय्य अंतराची व्याख्या अवघड नाही. ज्या अंतरावरून उभ्याने, गुडघ्यावर बसून किंवा झाडाच्या बुंध्याला टेकून, दमलेल्या अवस्थेतही प्रत्येक गोळी त्या वितीत पडेल, ते अंतर. दहांपैकी आठ पडतात तेही नाही. गुळगुळीत नळीच्या बंदुकीसाठी हा आकडा चाळीस-पन्नास पावलांपुढे क्वचितच जातो. आटे असलेल्या चांगल्या नळीतून घट्ट बसवलेल्या गोल गोळीसाठी, आणि तेही निष्णात हातात, शंभर यार्ड ही शेवटची मर्यादा मानावी. यापलीकडे बंदूक चालते. शिकारीचा हक्क चालत नाही.

८/
‘हा आजचा हळवेपणा आहे, त्या काळी असे कुणी मोजत नसे’ असा आक्षेप हमखास येतो. तो ऐतिहासिकदृष्ट्या खोटा आहे. जॉर्ज हँगर हा ब्रिटिश कर्नल अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेला, बंदुकांचा नादिष्ट गृहस्थ. १८१४ साली त्याने शिकाऱ्यांना उद्देशून ‘टू ऑल स्पोर्ट्समेन’ हे पुस्तक काढले. फौजेची साधी बंदूक ८० यार्डांवर माणसाला लागेल, फार तर १०० वर. १५० वर ज्याला लागेल तो कमनशिबी, आणि २०० वर एकट्या माणसावर नेम धरणे निव्वळ व्यर्थ, असा त्याचा निर्वाळा होता. हे विधान युद्धेतिहासाच्या पुस्तकांत शेकडो वेळा उद्धृत झाले आहे. पुस्तक शिकाऱ्यांसाठी होते, हे मात्र उद्धृत करणारे सहसा विसरतात.

९/
येथेच पहिल्या दंतकथेची नस सापडते. तीनशे-चारशे पावलांचे आकडे बहुतेक वेळा युद्धातून उचललेले असतात. युद्धात समोर माणसांची रांग असते. एकाला चुकलेली गोळी शेजाऱ्याला लागते. शिवाय युद्धात शत्रू जखमी झाला तरी काम भागते. जखमी शिपाई लढाईतून बाद होतो, त्याला उचलायला आणखी दोघे बाद होतात. सेनापतीच्या दृष्टीने तो फायदाच. शिकारीत जखम म्हणजे निव्वळ अपयश, आणि त्या अपयशाची किंमत बंदूक धरणारा भरत नाही. म्हणून फौजी पल्ला शिकारीला लावणे ही केवळ आकड्यांची गफलत नाही. कोंडाजी फर्जंदांच्या धाडसावरून कुणी घराच्या जिन्याची उंची ठरवू नये, इतके ते विसंगत आहे.

१०/
चितोडचे उदाहरण नेहमी पुढे केले जाते. १५६७-६८ च्या वेढ्यात अकबराने ‘संग्राम’ नावाच्या आपल्या आवडत्या तोड्याच्या बंदुकीने तटावरील जयमलाला टिपले. नेम उत्तम होताच. पण तो वेढ्यातला नेम होता. चुकला असता तर दारूगोळ्याखेरीज काही वाया गेले नसते. त्याच संग्रामने एकूण १,०१९ जनावरे मारल्याची नोंद अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त केली आहे. आकडा डोळे दिपवणारा आहे. त्यासाठी गोळ्या किती लागल्या आणि किती जनावरे जखमी होऊन निघून गेली, हा रकाना मात्र त्या वहीत नाही.

११/
जहांगीर वह्या ठेवण्यात बापाच्याही पुढे गेला. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत आपल्या समक्ष २८,५३२ जनावरे मारली गेली, त्यांतील १७,१६७ स्वतःच्या हातची, असा तपशील त्याने प्रकारवार नोंदवला. पक्षी वेगळे, नीलगायी वेगळ्या, वाघसिंह वेगळे. इतका चोख हिशेबनीस जगाच्या इतिहासात विरळा. तरीही जखमी होऊन सुटलेल्यांचा रकाना इथेही कोराच, किंबहुना आखलेलाच नाही. जे मोजले जात नाही ते घडलेच नाही, असे वाचणाऱ्याला वाटू लागते. शिकारीच्या इतिहासलेखनातला हा सर्वांत जुना दोष आहे.

१२/
गंमत अशी की गोळ्यांची संख्या महत्त्वाची आहे, हे जहांगिराला पुरते ठाऊक होते. नूरजहानने हत्तीवरील अंबारीतून सहा गोळ्यांत चार वाघ मारले तेव्हा त्याने कौतुक केले ते याच हिशेबाने : दोन वाघ एकेका गोळीत, दोन वाघ दोन-दोन गोळ्यांत. हत्ती वाघाच्या वासाने अस्वस्थ होतो, एका जागी ठरत नाही, आणि डुलत्या अंबारीतून न चुकता मारणे फार कठीण, असे तो स्पष्टपणे लिहितो. मिर्झा रुस्तमसारखा, त्याच्याच मते अव्वल असलेला नेमबाज हत्तीवरून तीन-तीन, चार-चार वेळा चुकला, हेही तो सांगतो. म्हणजे ‘एका गोळीत जनावर’ ही कसोटी सतराव्या शतकाच्या आरंभी मोगल दरबारात जिवंत होती. ती एकविसाव्या शतकातल्या कुणा प्राणिमित्राने शोधून काढलेली नाही.

१३/
दुसरी दंतकथा, म्हणजे जुनी बंदूक अगदीच टाकाऊ होती ही, मोगल चित्रे पाहिली तरी ढासळते. शिकारीच्या चित्रांत लांब नळी सेवकाच्या खांद्यावर किंवा दुशाखी टेकूवर ठेवलेली दिसते, आणि बादशहा बसून किंवा वाकून नेम धरताना दिसतो. टेकू हा दुबळेपणा नव्हता. नळीचे वजन आणि हाताचा कंप दोन्ही ओळखून केलेली ती तजवीज होती. हिंदुस्थानातील साधे शिकारी बैलाच्या आडोशाने, त्याला चरत ठेवत, काळविटाच्या कळपाजवळ इंच-इंच सरकत. हे कसब बंदुकीचे नव्हते. पायांचे, वाऱ्याच्या दिशेचे आणि चिकाटीचे होते. ज्याला हे साधे त्याला लांबून झाडण्याची गरजच पडत नसे. लांबचा नेम ही पुष्कळदा जवळ जाता न आल्याची कबुली असते.

१४/
आता खानदेश. १८२५ साली जेम्स औट्रम हा तरुण लेफ्टनंट खानदेशात भिल्ल पलटण उभारण्यासाठी आला. पुढे तो ‘सर’ झाला, १८५७ नंतर त्याचे पुतळे उभे राहिले. पण खानदेशातील त्याची कीर्ती वाघांवर उभी होती. १८८० साली गोल्डस्मिडने लिहिलेल्या त्याच्या चरित्रात १८२५ ते १८३४ या दहा मोसमांचा हिशेब आहे : औट्रम आणि त्याच्या सोबत्यांनी मिळून २३५ वाघ मारले, त्यांपैकी १९१ वाघांच्या वेळी औट्रम स्वतः हजर होता. समाजमाध्यमांवर या १९१ चीच आरती होते. कुणी ती साम्राज्याच्या क्रौर्याचा पुरावा म्हणून करतो, कुणी मर्दुमकीचा म्हणून.

१५/
त्याच हिशेबात एक दुर्मीळ गोष्ट आहे, आणि तिच्याकडे दोन्ही पक्षांचे लक्ष नाही. तिथे जखमींचा रकाना आहे. मारलेले वाघ २३५, जखमी झालेले २२. मारलेली अस्वले २५, जखमी झालेली १४. मारलेले रानरेडे १२, जखमी ५. मोगल वह्यांना जे जमले नाही ते या पलटणीच्या लोकांनी केले, याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. आकडे प्रांजळ आहेत. प्रांजळ आहेत म्हणूनच ते बोलतात.

१६/
वाघांमध्ये गोळी लागलेल्या दर बारांपैकी साधारण एक निसटला. अस्वलांमध्ये गोळी लागलेल्या ३९ पैकी १४, म्हणजे तिघांमागे एकाहून अधिक. बंदुका त्याच, माणसे तीच, डोंगरही तेच. मग एवढा फरक का? अस्वलाच्या दाट केसांत ती वीतभर जागा हेरणे अवघड, हे खरे. पण दुसरे कारण अधिक बोचणारे आहे. जखमी वाघ मागे सोडणे म्हणजे गावाच्या वेशीवर मृत्यू उभा करणे, शिवाय वाघाचे कातडे हीच प्रतिष्ठा. म्हणून त्याचा माग शेवटपर्यंत काढला जाई. अस्वलाच्या मागे तितके जाण्याची निकड नसे. नेम घेण्यापूर्वी ज्याला ‘हे जनावर जखमी झाले तर मी याच्या मागे जाणार आहे’ याची खात्री आहे, तो लांबून झाडत नाही. ज्याला ती निकड नाही, त्याचा चाप हलका होतो.

१७/
आणि मागे जायचे कुणी? साहेबाच्या नोंदीत ‘माग काढला’ असे कर्ताहीन वाक्य येते. त्या वाक्यातला कर्ता भिल्ल असे. रक्ताचे थेंब वाळल्या पानांवर हेरणे, झुडपात दगड टाकून पाहणे, झाडावर चढून इशारा करणे, हे सारे अनवाणी पायांनी आणि बहुधा बंदुकीशिवाय. साहेब पन्नास पावले अधिक लांबून झाडतो तेव्हा त्या पन्नास पावलांचा धोका हाकाऱ्यांच्या अंगावर जातो. शिकारीच्या नैतिकतेची चर्चा केवळ जनावराच्या वेदनेपुरती ठेवणारे ही गोष्ट सोयीस्करपणे गाळतात.

१८/
औट्रमच्या बाजूने हे नमूद केले पाहिजे की तो स्वतः जवळ जाणाऱ्यांपैकी होता. दाट झाडीत दडलेला वाघ दिसेना, तेव्हा भिल्लांच्या पागोट्यांनी स्वतःला फांदीवरून खाली लोंबकळत सोडवून घेऊन त्याने गोळी झाडली, अशी कथा त्याच चरित्रात आहे. वेडेपणा म्हणावा असेच ते कृत्य. पण त्या वेडेपणात अंतराची समज पुरेपूर आहे : दिसत नाही तर झाडायचे नाही, आणि झाडायचे तर दिसेल इतके जवळ जायचे. त्याच्या सोबत्यांतले सगळेच तसे नसावेत, हे ते १४ सांगतात.

१९/
जवळून मारले म्हणजे न्याय्य मारले, असा उलटा निष्कर्षही कुणी काढू नये. सिलोनमध्ये मेजर थॉमस रॉजर्सने चौदाशेहून अधिक हत्ती मारले. हत्तीच्या डोक्यावरची गोळी दहा-पंधरा पावलांवरूनच चालते, त्यामुळे अंतराच्या परीक्षेत तो उत्तीर्णच झाला असेल. संख्येच्या परीक्षेत तो माणूसपणातूनच बाद होतो. १८४५ साली तो वीज पडून मेला तेव्हा सिलोनमधील बौद्धांना त्यात कर्मफळ दिसले असल्यास नवल नाही. दक्षिण आफ्रिकेत १८४० च्या दशकात भटकलेल्या गॉर्डन-कमिंगने तर खांद्यात गोळी घालून लंगडा केलेल्या हत्तीसमोर बसून कॉफी उकळली, मग जवळ जाऊन डोक्याच्या कोणत्या भागात गोळी शिरते याचे प्रयोग त्या जिवंत जनावरावर केले, आणि हे सारे १८५० च्या आपल्या पुस्तकात विनासंकोच छापले. न्याय्य अंतर ही शिकारीच्या नीतीची पहिली पायरी आहे. पायरीला मंदिर समजणारे गॉर्डन-कमिंगकडे पाहोत.

२०/
एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर खरा बिघाड झाला, आणि तो प्रगतीच्या नावाने झाला. टोकदार, लांबट गोळीच्या फौजी रायफली आल्या. १८५३ च्या एन्फील्डच्या मागच्या निशाणीच्या पट्टीवर शेकडो यार्डांचे आकडे कोरलेले होते. आकडा कोरलेला आहे म्हणजे तिथून मारता येते, असा मोह शिकाऱ्यांना पडला. पण ती जड गोळी हळू सुटते आणि कमानीसारखी उडते. पट्टी २०० यार्डांवर लावली आणि जनावर खरोखर २२५ वर असले, तर गोळी फूटभर खाली जाते. मोकळ्या माळावर पंचवीस यार्डांची चूक कुणाचीही होते. वीतभर लक्ष्य आणि फूटभर चूक. पुढे काय होते ते सांगायला नको.

२१/
याविरुद्ध सर्वांत कडाडून लिहिले ते सातपुड्यातल्या माणसाने. कॅप्टन जेम्स फॉर्सिथ हा मध्य प्रांतातील अधिकारी, निमाडच्या जमाबंदीचे काम केलेला. ‘हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ या त्याच्या १८७१ च्या पुस्तकामुळे सातपुड्याच्या अभ्यासकांना परिचित. त्याआधी १८६३ मध्ये त्याने शिकारी रायफल आणि तिची गोळी यांवर छोटे पण झणझणीत पुस्तक लिहिले. जंगलातली शिकार दीडशे यार्डांच्या आतच होते. म्हणून हजार यार्डांच्या फौजी रायफलीची नक्कल बंद करा. गोल गोळी, कमी पीळ असलेले आटे आणि भरपूर दारू वापरा, म्हणजे त्या अंतरात गोळी जवळजवळ सरळ रेषेत जाईल आणि अंतराच्या अंदाजातली चूक निरुपद्रवी ठरेल, असा त्याचा युक्तिवाद. १०४ इंचांत एकच वेढा घेणारे आटे त्याने सुचवले. तंत्राच्या भाषेत मांडलेला हा नीतिविचारच आहे : बंदूक अशी बनवा की माणसाच्या चुकीची शिक्षा जनावराला भोगावी लागू नये. या ठिकाणी ‘त्या काळी असे कुणी मोजत नसे’ हा आक्षेप कायमचा मिटावा.

२२/
दुसरा मार्ग सॅम्युएल बेकरचा. त्याने १८४० मध्ये ब्रिस्टलच्या गिब्जकडून साडेनऊ किलोंची एक रायफल घडवून घेतली. गोळी ८५ ग्रॅमची, दारू प्रत्येक बाराला २८ ग्रॅम. गोल गोळीचा व्यास दुप्पट केला की वजन आठपट होते, त्यामुळे मोठी गोळी वेग टिकवते आणि हाडे फोडून आत जाते. तरीही बेकर या राक्षसी बंदुकीने सिलोनमध्ये हत्तींच्या जवळच गेला. मोठ्या नळीने त्याचा पल्ला वाढवला नाही, खात्री वाढवली. आजच्या चर्चेत या दोन गोष्टी सर्रास एकमेकींत मिसळल्या जातात.

२३/
आता अमेरिका. तेथील अनेक राज्यांत ठासणीच्या बंदुकीने शिकार करण्यासाठी स्वतंत्र मोसम असतो. त्यामागची कल्पना साधी आहे : हत्यार मर्यादित आहे, शिकाऱ्याला जवळ जावे लागेल, म्हणून त्याला वेगळी संधी द्यावी. कारखानदारांनी या सवलतीला भगदाड पाडले. नव्या बांधणीच्या ठासणीच्या बंदुका आल्या, प्लास्टिकच्या वेष्टनातल्या टोकदार गोळ्या आल्या, वर दुर्बीण आली, आणि जाहिरातीत दोनशे यार्ड झळकू लागले. नाव जुने, पल्ला नवा. कोलोरॅडोने या मोसमात दुर्बीण आणि तसली वेष्टने यांना मनाई केली, हरणासाठी किमान.४० आणि एल्कसाठी किमान .५० इंच नळीची अट घातली. ही अट योग्य आहे. परंपरेच्या नावाने सवलत घ्यायची आणि परंपरेची मर्यादा मात्र टाकून द्यायची, याला दुटप्पीपणाखेरीज दुसरे नाव नाही.

२४/
जुन्या बंदुकांच्या प्रतिकृतींनी ३०० यार्डांवरच्या लोखंडी पाटीला ‘टंग’ करून दाखवणाऱ्या चित्रफिती लोकप्रिय आहेत. कसब म्हणून त्या पाहाव्यात. पण पाटी हलत नाही, तिला पोट नसते, आणि पाचव्या प्रयत्नात लागली तरी आधीचे चार प्रयत्न कापून टाकता येतात. अशा चित्रफितीखाली ‘म्हणजे आपले पूर्वज इतक्या लांबून शिकार करीत’ असा निष्कर्ष लिहिणाऱ्याने आधी ते कापलेले चार प्रयत्न मागवावेत.

२५/
कोकणात आणि गोव्यात ही बंदूक अजून पूर्ण इतिहासजमा झालेली नाही. शेताच्या राखणीसाठीच्या परवान्यावर ती घराघरांत राहिली. तिथे गोळीऐवजी छर्रे ठासण्याची जुनी चाल. छर्रा गोळीपेक्षा कितीतरी हलका, म्हणून त्याचा वेग त्याहून लवकर मरतो, आणि अंतर वाढले की दाणे पांगतात. जवळून जो बार प्राणघातक, तोच लांबून रानडुकराच्या कातडीखाली शिशाचे दाणे पेरून त्याला पिसाळून सोडतो. दुसऱ्या दिवशी त्या रानवाटेने कोण जाणार आहे, हे बार काढणाऱ्याला माहीत नसते.

२६/
जिम कॉर्बेटची मुलूखगिरी सुरू झाली ती पितळी तारेने बांधून धरलेल्या ठासणीच्या बंदुकीने. वाघ नरभक्षक का होतो, याची कारणे देताना त्याने बेफिकीरपणे केलेली आणि मागे जाऊन न संपवलेली जखम हे कारण ठळकपणे मांडले. १९०७ साली त्याने चंपावतची वाघीण मारली. नेपाळ आणि कुमाऊँ मिळून ४३६ माणसे तिच्या नावावर होती. तिचा जबडा पाहिला तेव्हा उजवीकडचा वरचा सुळा अर्धा तुटलेला होता आणि खालचा थेट हाडापर्यंत गेलेला होता. जुन्या गोळीची ती जखम होती. त्या गोळीने तिला तिचे नेहमीचे सावज मारता येईनासे केले, असे कॉर्बेटने लिहिले. ज्याने ती झाडली, त्याच्या दृष्टीने नेम वीतभर चुकला होता.